हे बघाच

अण्णा आपला मोबाइल कुणाच्या हातात देत नाहीत. स्वतःच्या मुठीत धरून तो थेट आपल्या नाकासमोर आणतात. चाळिशी लागलेल्या माणसाला मान मागे न्यावी लागते. अण्णांचा अंगठा पडद्याच्या एका कोपऱ्यावर ऐसपैस बसलेला असतो आणि बोलणारा नट नेमका त्याच कोपऱ्यात उभा असतो. आधी जाहिरात लागते. ती चालू असताना अण्णा पूर्वपीठिका सांगून घेतात. हा टोपीवाला येणार आहे ना, तो त्याचा सासरा नव्हे, पण ह्याला वाटतंय की सासरा आहे. मग क्लिप सुरू होते. "आता बघ की. आता. आता काय म्हणतोय ऐक." टोपीवाल्यानं तोंड उघडायच्या आत ते वाक्य अण्णाच म्हणून टाकतात आणि हसतात. हसले की हात हलतो, हात हलला की मोबाइल कलतो आणि उभं चित्र आडवं होतं. ते सरळ होईपर्यंत विनोद होऊन गेलेला असतो. तरी आपण हसतो. हसावंच लागतं, कारण अण्णा एवढा वेळ मोबाइलकडे बघत नसतात, आपल्याकडे बघत असतात.

काकूंनी हे फार पूर्वीच ओळखलंय. एकदा मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "हे कुठं व्हिडिओ बघतात? ह्यांना माणसांची तोंडं बघायचा नाद आहे. पहिल्यापासनं."

अण्णा सांगलीचे. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झाले, पण कारकुनी अंगातून निवृत्त झाली नाही. कॉटच्या उशाशी त्यांची एक लांबडी, जाड पुठ्ठ्याची वही असते. तिच्यात रकाने आखलेत: अनुक्रमांक, क्लिपचा विषय, लांबी, कुणाला दाखवली, शेरा. मी ती वही चाळलीय. विषयाच्या रकान्यात 'सासरा-जावई, गैरसमज, २ मि. १० से.ला शिंक' अशा नोंदी आहेत. शेऱ्यात 'हसले', 'पुष्कळ हसले', 'उशिरा हसले' अशी प्रतवारी आहे. एका शेजाऱ्यांपुढे 'हसले नाहीत, दाढ दुखत होती, फेरतपासणी आवश्यक' असं लिहून खाली तारखेसह सही केलीय. पंधरवड्यानं त्याच शेजाऱ्यांच्या नावापुढे 'हसले, प्रकरण बंद' अशी नोंद आहे. क्लिप कुणी पाठवली, हा रकाना मात्र वहीत नाही.

'पहिल्यापासनं' हा काकूंचा शब्द अतिशयोक्तीचा नव्हे. अण्णा शाळेत असताना त्यांच्या गल्लीत रेडिओ एकच होता. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला लागायची, तेव्हा अर्धी गल्ली त्या घराच्या कट्ट्यावर असायची. सगळे रेडिओकडे तोंड करून बसत आणि अण्णा रेडिओकडे पाठ करून. वरच्या पायदानावर कुठलं गाणं येणार यावर कुणाकुणाच्या पैजा लागलेल्या असत. गाणं लागलं की कुणाचं तोंड उजळतं आणि कुणाचं पडतं, हा अण्णांचा खरा कार्यक्रम. आकाशवाणीच्या 'आपली आवड'ला ते पोस्टकार्डं टाकायचे. त्यात घरातल्या सगळ्यांची, शेजारच्यांची, एकदा तर हेडमास्तरांचंही नाव घातलेलं. हेडमास्तरांच्या आवडीचं म्हणून रेडिओवर जे गाणं लागलं ते कुठलं, हे अण्णा आजही सांगत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सरांचं तोंड कसं झालं होतं, ते करून दाखवतात. झारखंडातल्या झुमरीतलैयानं फर्माइशी धाडून धाडून देशभर नाव कमावलं, याचा त्यांना अजून राग आहे. "आमच्या गल्लीनं मनावर घेतलं असतं, तर त्या गावाला कोण विचारत होतं?"

पुढे कॅसेटी आल्या आणि अण्णांनी भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन दोन कप्प्यांचा टेपरेकॉर्डर आणला. त्या उचलीबद्दल काकूंचं मत अजून बदललेलं नाही. एका कप्प्यात मूळ, दुसऱ्यात कोरी, आणि नात्यातल्या प्रत्येक घरासाठी वेगळी निवड. भावजींना नाट्यगीतं, मामेबहिणीला तलत, आणि ज्यांच्या घरी हसण्याचा दुष्काळ आहे असं अण्णांना वाटे त्या घरांना पु. ल. कॅसेटच्या वेष्टनावर बारीक, गोल अक्षरात यादी असायची, आणि कॅसेटच्या पाठीवरचे दोन चिमुकले प्लास्टिकचे तुकडे अण्णा आठवणीनं मोडून द्यायचे. ते मोडले की रेकॉर्डिंगचं बटण खाली जात नाही आणि आतलं पुसलं जाण्याची भीती राहत नाही.

पण भोकावर चिकटपट्टी लावली की ते बटण पुन्हा जातं, हेही तेव्हा घरोघरी ठाऊक होतं. इचलकरंजीच्या धाकट्या मेव्हण्यानं चिकटपट्टी लावली आणि 'म्हैस'च्या कॅसेटवर 'मैंने प्यार किया'ची गाणी भरली. चार दिवस राहायला गेलेल्या अण्णांनी हौसेनं ती कॅसेट लावली. लताबाई आणि बालसुब्रमण्यम झाले, मग थोडी खरखर झाली आणि पुसायच्या राहिलेल्या टोकातून पु. लं.ची एसटी मधूनच सुरू झाली. ही १९९० च्या आसपासची गोष्ट. मेव्हणा आता आजोबा झालाय. लग्नाकार्यात भेटला की अण्णा त्याला अजून पहिला प्रश्न "म्हैस काय म्हणतीय?" असाच विचारतात.

क्लिपा म्हणजे उथळपणा, हल्ली कुणाला तीन मिनिटांपलीकडे धीर नाही, असं कुणी म्हणालं की अण्णा त्याला मिरजेला घेऊन जातात. म्हणजे अगोदर तोंडानं, आणि माणूस वादाला उभा राहिलाच तर मग खरोखरच, स्कूटरवर बसवून. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब चिरनिद्रा घेतायत. १८७२ चा जन्म, मृत्यू १९३७ चा. दर वर्षी उरुसात तिथं गाणं होतं आणि मोठमोठे गवई तिथं हजेरी लावून जातात. दर्ग्याच्या आवारात उभं राहून अण्णा विचारतात, "खाँसाहेबांची रेकॉर्ड किती मिनिटांची?" जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. मैफलीत तास तास गाणाऱ्या गवयानं त्या तेवढ्यात राग मांडायचा, ठुमरी सजवायची आणि भोंगा बंद व्हायच्या आत समेवर यायचं. "ही क्लिप नव्हे तर काय? आणि झिंझोटीतली ती ठुमरी दुकानात वाजत होती ती ऐकून भीमसेन जोशी लहानपणी घर सोडून गुरू शोधायला पळाले. त्यांनीच सांगितलेलं आहे. आमचा नातू बघ. दिवसाला दोनशे क्लिपा बघतोय आणि सोफा सोडत नाही!" दोष क्लिपेचा की सोफ्याचा, हा वाद तिथं अर्धवट राहतो. कारण परतीच्या वाटेवर सतारमेकर गल्ली लागते, आणि तिथल्या दुकानातले वाळत ठेवलेले भोपळे दाखवल्याशिवाय अण्णा स्कूटर पुढे काढत नाहीत. तेही बघावंच लागतं.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि अण्णांच्या आयुष्यातला शेवटचा बांध फुटला. त्याआधी ते नेटपॅक चहा-साखरेसारखा मोजून वापरत. आता सगळंच अमाप झालं. 'अशी ही बनवाबनवी'तल्या सत्तर रुपयांपासून ते लक्ष्मण देशपांड्यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'पर्यंत, कधीकाळी ज्याच्यासाठी मिनतवाऱ्या करून कॅसेटी मिळवल्या, ते सगळं खिशात आलं. पण पूर्वी अण्णांची कॅसेट घरात येणं हे अप्रूप होतं. आता ज्याच्या त्याच्या खिशात तेच होतं, आणि दाखवणाऱ्याचा भाव पडला. अण्णांनी त्याला उत्तर म्हणून वेग वाढवला.

सकाळी सहा ते आठ पाठवणी. तेव्हा व्हॉट्सॲपवर व्हिडिओला सोळा एमबीची मर्यादा असायची, म्हणून मोठी क्लिप ते तुकडे करून पाठवत आणि तिसरा तुकडा आधी पोचायचा. नऊला फोन. "काय करालायस? बघितलंस की नाही? दोन निळ्या खुणा आल्यात, पण पुढं काही नाही तुझं." पुढं काही म्हणजे हसणारा चेहरा. एकच हसरा चेहरा टाकला तर ते त्याला पोच समजतात, दाद नव्हे. डोळ्यांतून पाणी येणारे किमान तीन लागतात.

२०१८ च्या जुलैत अफवांनी देशात माणसांचे जीव घेतले, तेव्हा भारतात एका वेळी फक्त पाच जणांना पुढे पाठवता येईल असा नियम व्हॉट्सॲपनं केला. २०२० च्या एप्रिलमध्ये, फार फिरलेला मजकूर एका वेळी एकालाच, असा आणखी एक. जगानं हे नियम योग्यच मानले, अण्णांनीही मानले, पण 'आमच्या वसंतराव देशपांड्यांनी कुणाची अफवा उठवलीय?' हा त्यांचा सवाल होता. नियमापेक्षा त्यांना जास्त लागला तो क्लिपेवर उमटणारा दुहेरी बाण. अनेकदा पुढे पाठवलेलं, म्हणजे उष्टं. अण्णा उष्टं वाढत नाहीत. म्हणून ते क्लिप आधी उतरवून घेतात आणि नव्यानं चढवून पाठवतात. मग बाण येत नाही. मात्र दर खेपेला चित्र थोडं विरतं, आणि दोन-चार पिढ्या झालेली क्लिप आली की अशोक सराफ कुठले आणि लक्ष्या कुठला, हे आवाजावरून ओळखावं लागतं.

मग कुणीतरी त्यांना ब्रॉडकास्ट यादी शिकवली. एका फटक्यात २५६ माणसं! महिनाभर कॉलनीत आणि तीन तालुक्यांत अण्णांचा अंमल होता. पण त्या यादीत एक मेख आहे: ज्याच्याकडे तुमचा नंबर जतन केलेला असतो, त्यालाच तो संदेश पोचतो. हे शोधून काढलं इचलकरंजीच्या त्याच मेव्हण्यानं. त्यानं अण्णांचा नंबर आपल्या फोनातून पुसून टाकला. नातं जिथल्या तिथं राहिलं, अपमान कुणाचा झाला नाही, फक्त क्लिपा बंद. आठवडाभर एकच करडी खूण बघून अण्णांना काळजी वाटली. 'फोन बिघडला असेल बिचाऱ्याचा' म्हणून ते रविवारची पहिली एसटी पकडून भडंगाची पुडी आणि थकलेल्या अकरा क्लिपा घेऊन इचलकरंजीत दाखल झाले. मेव्हण्यानं त्याच संध्याकाळी नंबर पुन्हा घातला. तो आता 'अण्णा, कृपा करून पाठवाच' अशा नावानं आहे.

एवढं असूनही अण्णांना कुणी तोडत नाही, याचं कारण त्यांची निवड. सुप्रभाताची फुलं नाहीत, राजकारण नाही, मधुमेहावर भेंडीचं पाणी नाही, रडणारी मुलं आणि भावुक संगीत तर नाहीच. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'तल्या एखाद्या प्रहसनाचा जो तुकडा ते काढतात, तो नेमका. वसंतराव देशपांड्यांच्या कुठल्याशा घरगुती बैठकीतली एखादी तान ते अशी पाठवतात, की दिवसभराच्या कामात ती मागे लागते. अडचण क्लिपेची कधीच नव्हती. अण्णा सोबत येतात, ही अडचण.

आणि कधीकधी तेच बरं असतं. आमच्या मागच्या गल्लीत एक आजी होत्या, नव्वदीच्या. कान पूर्ण गेलेले. मशीन लावलं की ते शिट्टी वाजवायचं, म्हणून डब्यात ठेवलेलं. घरात चार माणसं, पण ओरडून बोलायचा कंटाळा, त्यामुळे आजींशी बोलणं म्हणजे 'जेवलात का' आणि 'गोळी घेतली का' एवढंच उरलेलं. अण्णा एकदा तिथं वर्गणी मागायला गेले आणि सवयीनं खिशात हात घातला. पु. लं.चा उपयोग नव्हता. लक्ष्याचाही नव्हता. अण्णांनी बराच वेळ शोधलं आणि चार्ली चॅप्लिनच्या 'मॉडर्न टाइम्स'मधला, १९३६ चा, जेवू घालणाऱ्या यंत्राचा प्रसंग लावला. कामगारांचा जेवणाचा वेळ वाचावा म्हणून मालकाला एक यंत्र विकायला आणतात आणि प्रयोग चार्लीवर होतो. यंत्र बिघडतं. कणीस तोंडासमोर गरागरा फिरायला लागतं, सूप अंगावर सांडतं, आणि एवढं करून दर घासानंतर एक बोळा येऊन अदबीनं तोंड पुसून जातो.

त्या दिवशी अण्णांनी मोबाइल नाकासमोर धरला नाही. आजींच्या मांडीवर उशी ठेवून तिच्यावर टेकवला. आधी सांगून टाकायची सोयच नव्हती, त्यामुळे ते गप्प होते. आजी बघत राहिल्या. कणीस फिरायला लागल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला. बोळा दुसऱ्यांदा आला तेव्हा खांदे हलायला लागले, आणि मग कवळी सांभाळत त्या अशा हसल्या की स्वयंपाकघरातून सून पळत बाहेर आली. तिला वाटलं, ठसका लागला. आजी चार्लीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अगं, घास तरी गिळू द्या म्हणावं मेल्याला!" मग सुनेनं पाहिलं, मग नातवानं. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा सगळे आजींकडेच बघत होते. वर्गणी राहिली. वहीत त्या दिवशीच्या शेऱ्यात अण्णांनी फक्त 'यंत्र पास' असं लिहिलंय.

रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या एका अमेरिकी शास्त्रज्ञानं हसण्याचाच अभ्यास केला. माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो, असं त्याला आढळलं. अमेरिकी टीव्हीवाल्यांनी तर १९५० च्या दशकातच घरात एकट्या बसलेल्या प्रेक्षकासाठी विनोदामागे तयार हशा भरायला सुरुवात केली होती. हे सगळं मी अण्णांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ह्याचा व्हिडिओ आहे का?"

नव्हता. त्याऐवजी मी त्यांना सांगितलं, की यूट्यूबवर चढलेला सगळ्यात पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा, एकोणीस सेकंदांचा. यूट्यूब काढणाऱ्यांपैकीच एक जण, जावेद करीम, सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून त्यांच्या सोंडा किती लांब आहेत एवढंच सांगतो. संपलं. अण्णांनी तो शोधून काढला, दोनदा पाहिला. त्यांना तो पोरगा फार आवडला. "आपल्यातला आहे," ते म्हणाले. "बोलायला काही नाही, पण दाखवायचंय! आणि आपण तर सांगलीची माणसं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला 'सीता स्वयंवर' इथंच उभं केलं. दाखवायची सुरुवात आपली."

फक्त अण्णांना काही दाखवू जाऊ नये. ते त्यांना जमत नाही. आपण मोबाइल काढला की त्यांची नजर बावरते, चष्मा घरी राहिलेला असतो, काकूंनी हाक मारल्याचा भास होतो. 'पाठव, रात्री निवांत बघतो' असं म्हणून ते सुटका करून घेतात. मागे मी त्यांना सिंधुदुर्गातल्या एका डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याची, क्लिप पाठवली. समोरच्या बुवांनी आपल्या पेटीवादनाची टर उडवली, म्हणून हे बुवा पेटी झाकून ठेवतात आणि पेटीचे सूर तोंडानं काढून भजन पुढे रेटतात, आणि पखवाजवाला हसू दाबता दाबता ठेका चुकतो. दोन करड्या खुणा आल्या. त्या निळ्या काही होईनात. विचारलं तर "आज बघतो" म्हणाले. पुन्हा विचारायची मलाच लाज वाटली.

मग एका संध्याकाळी फाटकाची कडी वाजली. अण्णा पायरीवरच होते, हात खिशात. "बस. असलं काही तू जन्मात बघितलेलं नाहीस. कोकणातला बुवा आहे. आता हा पेटी झाकणार बघ."

"अण्णा, हे मीच तुम्हाला पाठवलेलं आहे."

त्यांनी क्लिप थांबवली. वर जाऊन माझं नाव काढलं, खाली सरकवत सरकवत आले, आणि माझ्या न उघडलेल्या संदेशावर बोट ठेवून तारीख वाचली. चेहऱ्यावर खंत वगैरे काही नव्हती. कार्यालयात उशिरा आलेल्या अर्जाकडे बघावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर आहे. पाठवलंस," ते म्हणाले. "पण दाखवलंस कुठं? सरक जरा इकडं, काचेवर उजेड येतोय."